एक नंबरची मोकळी ओळ

तर पाटीवरची ती यादी सुरूच व्हायची दोन नंबरपासून, इथवर काल आलो होतो. वर्नेलच्या हॉटेलात गल्ल्यामागं काळी पाटी आहे. वर्षभर तिच्यावर आजचं सूप कुठलं ते लिहिलेलं असतं. ड्राफ्टचा आठवडा आला की सूप पुसलं जातं. मग आम्ही जिला आपली म्हणतो त्या जवळच्या शहराच्या बेसबॉल टीमनं आजवर ड्राफ्टमध्ये उचललेल्या आणि साफ फसलेल्या पोरांची यादी तिथं चढते. दोन, तीन, चार, अशी दहापर्यंत. दोनच्या वर एक ओळ मोकळी.

ड्राफ्ट म्हणजे टार्लो गावाचा सणच म्हणा ना. साऱ्या टीम ओळीनं शाळा-कॉलेजांतली पोरं उचलतात, आणि आदल्या वर्षी जी जास्त हरली तिची पाळी आधी. आमची टीम हरण्यात पटाईत. त्यामुळं आमच्या वाट्याला नेहमी चांगली पोरं असतात आणि आम्ही त्यांतलं नेमकं वाईट उचलतो, असं हार्लन बॉशचं मत. हार्लनची पशुखाद्याची गिरणी होती. गिरणी विकली तरी आवाज गिरणीचाच राहिला. शाळकरी पोरगा उचलणं म्हणजे पोत्याचं तोंड न सोडता धान्य घेणं, कॉलेजात तीन वर्षं खेळलेलाच घ्यावा, हे तो दर वर्षी टेबल बडवून सांगायचा. वर्नेल म्हणायची, "हार्लन, टेबल माझं आहे, टीम तुझी आहे. तिला बडव."

ही मोकळी ओळ होती लोवेल ॲमस्टट्झसाठी. लोवेल आमचा पोस्टमन. छत्तीस वर्षं त्यानं गावाबाहेरच्या शेतवाड्यांचं टपाल वाटलं. वसंतात कोंबडीची पिल्लं पोस्टानं यायची, जिवंत, भोकं पाडलेल्या खोक्यांतून. लोवेल गाडीत शेजारच्या सीटवर खोकं ठेवून त्यांच्याशी बोलत जायचा. बेकरबाईंच्या हंसानं त्याला तीनदा चावा घेतला. चौथ्या वर्षी हंस मेला, तेव्हा हा बाईंना दुखवट्याचं कार्ड देऊन आला. असा माणूस. आणि त्याचा मुलगा वेन हा त्या यादीतला एक नंबर.

वेन डाव्या हातानं चेंडू टाकायचा. अठराव्या वर्षी शाळेतूनच टीमनं त्याला पहिल्या फेरीत उचललं, साऱ्या देशात चौथा. पुढं खालच्या टीममध्ये चार वर्षं काढली, पण चेंडू कुठं पडेल ते त्याचं त्यालाच कळेनासं झालं. कधी फलंदाजाच्या डोक्यावरून, कधी जमिनीत. एकदा तर चेंडू जाळी चुकवून शेंगदाणे विकणाऱ्याच्या ट्रेमध्ये पडला. मुख्य टीममधून तो एक सामनाही खेळला नाही. मग टीमनं सोडला. तो ॲरिझोनात गेला आणि लोकांच्या घरांतली थंड हवेची यंत्रं दुरुस्त करू लागला. अजून तेच करतो.

पाटीवर त्याचं नाव पहिली दोन वर्षं होतं. तिसऱ्या वर्षी यादी चालू असताना लोवेल अचानक आत आला. वर्नेलनं ओल्या फडक्यानं वरची ओळ पुसली आणि विचारलं, कॉफी? तेव्हापासून ती ओळ मोकळी. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललंही नाही. लोवेल रोजच्या तिसऱ्या स्टुलावर बसायचा आणि वादात भाग घ्यायचा. पाच नंबरचा पोरगा तीनवर यायला हवा, त्याच्यापायी आपण कसला खेळाडू सोडला ते आठवा, असं शांतपणे सांगायचा. त्याचं म्हणणं बहुतेक बरोबर असायचं. मान मात्र दोनच्या वर जायची नाही.

या मार्चमध्ये त्याची बायको आर्लीन गेली. दफनाला आलेल्या सगळ्यांचे त्यानं हात हातात घेऊन आभार मानले आणि घरी जाऊन बियाण्यांचं कॅटलॉग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. रडला नाही. त्यानंतर तो असाच. वर्नेल समोर ठेवेल ते खायचा. एकदा तिनं विचारलं, अंडी गार तर नाहीत ना? त्यानं खाऊन झालेल्या बशीकडं बघितलं आणि म्हणाला, लक्षात नाही.

बापलेकातला दुवा आर्लीनच होती. रविवारी फोन यायचा, ती तासभर बोलायची, मग लोवेलच्या कानाला लावायची. आता रविवारी वेन फोन करायचा आणि दोघं तापमान सांगायचे. इकडं एकशे नऊ. इकडं ब्याऐंशी. बरं. बरं. एका रविवारी तेवढंही सांगायचं राहिलं आणि दोघं नुसते फोन धरून बसले. लोवेलला कळत होतं की हे असंच चाललं तर एखाद्या रविवारी फोनच येणार नाही. कळत होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं. बधिर दाताला जीभ लावावी तसं होतं सगळं.

मूळ गोष्ट जुनी होती. टीमनं सोडल्यावर वेन एकच नाताळ घरी राहिला. तेव्हा ताटावर बसून म्हणाला होता, "माझी फी भरून कॉलेज मला न्यायला तयार होतं. पण साऱ्यांना हेच हवं होतं. तुम्हालाही हेच हवं होतं." लोवेलनं त्यावर बटाटे पुढं सरकवले. तीस वर्षं झाली, उत्तर राहिलंच.

आणि या जुलैत आर्लीनच्या थडग्यावर दगड बसवायचा होता म्हणून वेन आला. तारीख दगड घडवणाऱ्यानं दिली, ती नेमकी ड्राफ्टच्या आदल्या दिवसाची. शनिवारी सकाळी दगड बसला. दोघं टोपी काढून उभे राहिले. वेननं दगडावरून हात फिरवला, सरळ बसलाय म्हणाला. लोवेल म्हणाला, सरळ बसलाय. मग गाडीत वेन म्हणाला, "वर्नेलकडं जाऊ. भूक लागलीय."

लोवेलला पाटी आठवली. त्यानं दुसरं हॉटेल सुचवलं, हमरस्त्यावरचं. वेन म्हणाला, तिथली कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. लोवेलनं गाडी वळवली.

दोघं आत आले आणि सारा गलका जागच्या जागी थांबला. वेनचे केस पांढरे झाले होते, पण खांदे तेच. हार्लन उठून उभा राहिला, पुन्हा बसला, आणि यंदा मका किती उंच झालाय ते सांगू लागला. वर्नेलनं न विचारता पॅनकेक आणले. ड्राफ्टच्या आदल्या दिवशी आमच्याकडं मक्यावर कुणी बोलत नाही. त्या दिवशी मक्यावर बोलून झालं, पावसावर बोलून झालं, ट्रकच्या टायरांवर बोलून झालं.

आता, वर्नेलचा जावई क्रेग. लग्न करून इंडियानातून आलेला, गावात चारच महिने झालेले. मोठा हौशी. सासूला खूश करायला त्यानं यादी लिहिण्याचं काम अंगावर घेतलं होतं. बिचारा खडू हातात घेऊन पाटीपाशी उभा. त्याला वाटलं, सगळे आपल्यासाठी थांबलेत. म्हणाला, "दोनपासून दहा झाले. पण एक नंबर कोण? आठवडाभर विचारतोय, कुणी सांगतच नाही."

वर्नेलनं भांडी पुसायचं फडकं खांद्यावरून काढलं आणि परत खांद्यावर टाकलं.

"तो मीच," वेन म्हणाला. "वेन ॲमस्टट्झ. लिही."

क्रेगचे कान लाल झाले. त्यानं सासूकडं पाहिलं. वेन उठला, त्याच्या हातातला खडू घेतला, मोकळ्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं आणि परत येऊन पॅनकेकवर पाक ओतला. लोवेल बघत होता. आत काहीतरी हलायला हवं, असं त्याला वाटलं. हललं नाही.

शांतता हार्लनला कधीच सोसत नाही. तो म्हणाला, "हे बघ वेन, यात तुझी काय चूक? चूक टीमची. शाळकरी पोराला चौथ्या नंबरवर उचला, असं त्यांना सांगितलं होतं कुणी?"

"तू सांगितलं होतंस," वर्नेल म्हणाली. "नऊ कार्डं पाठवलीस. पेन माझं नेलंस, ते अजून दिलं नाहीस."

हार्लनचं तोंड उघडंच राहिलं. तो विसरला होता. खरं सांगायचं तर सारं गावच विसरलं होतं. त्या वर्षी मे महिन्यात गावच्या पेपरात टीमच्या कचेरीचा पत्ता छापून आला होता, आणि खाली लिहिलं होतं की आपला पोरगा आपल्याच टीममध्ये हवा असेल तर कळवा. गावात माणसं चौदाशे. पोस्टकार्डं गेली सहाशेच्या वर. शाळेच्या मास्तरांनी वर्गच्या वर्ग बसवून लिहून घेतली. चर्चमध्ये प्रार्थनेनंतर पेनं वाटली. बेकरबाईंना तर बेसबॉल कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, त्यांनीही एक लिहिलं आणि त्यात हंसाची तक्रार घातली. हॉटेलात आता एकेकाला आपापलं कार्ड आठवू लागलं. कुणी दोन लिहिली होती, कुणी पाच. कुणीतरी चौथीत होता, त्यानं वेनचं चित्र काढलं होतं. मघाशी मक्यावर अडकलेला आवाज मोकळा झाला, पण हळूहळू पुन्हा बसला. कारण पाटीवर नाव होतंच, आणि ते तिथं कुणी चढवलं ते आता ज्याचं त्याला दिसत होतं.

"म्हणजे आम्हीच," हार्लन म्हणाला. त्याच्याकडून इतक्या हळू आवाजात कुणी काही ऐकलं नव्हतं.

वेननं काटा खाली ठेवला. तो हार्लनकडं बघत नव्हता. ती सारी कार्डं टार्लोच्या पोस्टातून गेली, आणि पोस्टात तेव्हा माणसं दोनच होती.

"बाबा," तो म्हणाला, "सगळी तुमच्या हातातूनच गेली असतील."

लोवेलनं मान हलवली.

"त्यात तुमचं होतं?"

वर्नेल कॉफीचं भांडं घेऊन निघाली होती, ती तिथंच थांबली. लोवेलनं कप बशीत ठेवला. समोर बघत, एखाद्याला पत्ता सांगावा तशा आवाजात तो बोलला.

"नाही. मी लिहिलं नाही. तू कॉलेजात जावंस असं मला वाटत होतं. पण टीमचा माणूस घरी आला, त्यानं तुला विचारलं, तुझ्या आईला विचारलं, मला विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही. रोज सकाळी कार्डांवर ठप्पे मारले आणि पिशवी शहराच्या गाडीत टाकली."