इरम्माचा डावा पाय

इरम्मा जन्मली तेव्हा आधी तिचे पाय बाहेर आले. सुईणीनं टाचा धरून तिला ओढून काढलं आणि बाहेर थांबलेल्या बायांना पहिली बातमी दिली ती हीच, "पायाळू हाय पोरगी." मुलगी झाली हे मागून सांगितलं.

लोहाऱ्याच्या बाजूच्या त्या खेड्यांत पायाळू जन्मणं म्हणजे जन्मतःच एक काम अंगावर पडणं. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, हे तिथं सगळ्यांना ठाऊक. दुखणारा माणूस सकाळी अनशेपोटी यायचा, उंबऱ्याबाहेर पालथा पडायचा. पायाळूनं डाव्या पायाची टाच त्याच्या कंबरेवरून हळू फिरवायची. फिरवताना बोलायचं नाही. कुणाकडून काही घ्यायचं नाही, आणि आलेल्याला परत पाठवायचं नाही. इरम्मा नीट चालायलाही लागली नव्हती, तेव्हापासून बाप तिला काखेत धरून लोकांच्या पाठीवर तिचं इवलं पाऊल टेकवायचा. आभाळ गडगडलं की तिला आत कोंडून ठेवायचे, कारण वीज पायाळूला शोधत येते म्हणे. बाकीची पोरं गारा वेचत आणि ही दाराच्या फटीतून बघत बसे.

लग्नाची बोलणी झाली तेव्हा सासू म्हणाली होती, "पायाळू हाय व्हय? मग बरंच झालं. आमच्या गावात एकबी न्हाय."

तर असं तिचं या गावात येणं झालं. नवरा लवकर गेला. ज्वारी-तुरीचं थोडं रान आणि एकुलता मुलगा विरेश, एवढ्यावर तिनं दिवस काढले. पण मान मोठा मिळाला. जीपमध्ये चढली की पुढची सीट तिची. एकदा कुणा नवख्यानं कुरकुर केली, तर ड्रायव्हर म्हणाला, "बसू द्या म्हातारीला. उद्या तुमची कंबर धरली की तिच्याच दारात पालथं पडायचंय तुम्हाला." सगळी जीप हसली, आणि इरम्माही पदर तोंडाला लावून हसली.

आणि लोक बरे होत, हेही खरं. कंबरेची साधी उसण बहुतेक वेळा आपसूकच जाते. थोडे दिवस जपलं की स्नायू सैल होतात, सूज ओसरते. पण इरम्माच्या उंबऱ्यावर पडून उठलेल्या माणसाला ती पायानं गेली असं वाटे. इरम्मालाही तसंच वाटे. तसं तिला का वाटू नये? आयुष्यभर तिनं माणसं वाकत येताना आणि सरळ होऊन जाताना पाहिली होती.

विरेश छोटा टेम्पो चालवायचा. नळदुर्गच्या दुकानांमधून सिमेंट, खत, कडबा, मिळेल तो माल खेडोपाडी पोचवायचा. गाडी चालवणं कमी आणि पोती उतरवणं जास्त. पाठ अधूनमधून धरायची, मग तो आईसमोर पालथा पडायचा आणि उठून भाकरी खायचा. बायको शुभांगी म्हणायची, "एकदा सोलापूरला दाखवा की." तो म्हणायचा, "घरात डॉक्टर असताना सोलापूर कशाला? हिची फी बी न्हाय."

त्या वर्षी सुगी संपता संपता एका दुपारी सिमेंटचं पोतं खांद्यावर घेताना त्याच्या कंबरेत काहीतरी सटकलं. कळ उजव्या पायातून खाली घोट्यापर्यंत गेली. दुसऱ्या कुणीतरी टेम्पो घरी आणला आणि विरेश मागे हौद्यात आडवा पडून आला. खोकला आला तरी तो दात आवळायचा. इरम्मानं सकाळी पाय लावला. काही फरक नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा लावला, या वेळी जरा जास्त वेळ, मनात बसवण्णाचं नाव घेत.

त्या दुपारी कळ थांबली.

विरेश भिंतीला टेकून उठून बसला. पाय हलवून बघितला, आणि हसला. "अव्वा, तुझ्या पायात तोडा घालतो बघ चांदीचा," तो म्हणाला. इरम्मानं त्याला गरम भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. शेजारच्या द्वारकाबाईला भिंतीवरून सांगितलंही, "उतरलं माज्या लेकराचं."

उतरलं नव्हतं. मणक्यांच्या मधे रबरासारख्या गाद्या असतात. त्यातली खालची एक फाटली होती आणि तिचा मगज मागच्या पोकळीत घुसला होता. मज्जारज्जू जिथं संपतो तिथून शिरांचा एक झुपका खाली लोंबतो, घोड्याच्या शेपटीसारखा. पायांना, लघवीला, बसायच्या जागेला जाणीव देणाऱ्या शिरा त्यात असतात. तो झुपकाच दाबला जात होता. शीर थोडी दाबली की ओरडते, फार दाबली की गप्प होते. विरेशची कळ गेली नव्हती, शिरा गप्प होत चालल्या होत्या.

त्याला त्या संध्याकाळीच काहीतरी वेगळं जाणवलं होतं. बाजेवर बसलं तरी बसल्यासारखं वाटेना. लघवीला जाऊन तो उगाच उभा राहून परत आला. पण हे सांगायचं कुणाला? आईला असलं सांगायची रीत नाही. शुभांगीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "पाणीच कमी पिलंय आज."

दुसऱ्या दिवशी तो चावडीपर्यंत जाऊन आला. परत आला तेव्हा उजव्या पायात चप्पल नव्हती. ती वाटेत कुठंतरी गळून पडली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. शुभांगीनं ते बघितलं. ती सासूकडं आली.

"आत्या, ह्यांचा पाय बधिर पडलाय. चप्पल पडल्याली कळंना. आजच जाऊ सोलापूरला."

इरम्मा तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "उतरताना अंग जड राहतंय. म्या काय आज बघतीय का? दोन दिवस पडू दे त्याला."

इतक्या वर्षांचा तिचा शब्द. त्यापुढं शुभांगीनं सोलापूरचा विषय सोडला. विरेशही सुटल्यासारखा पडून राहिला, कारण आईनं जे सांगितलं ते त्याला ऐकायचंच होतं.

पुढच्या पहाटे त्याचं ओटीपोट फुगून दगड झालं होतं. तो घामानं भिजला होता आणि उजवं पाऊल धुतलेल्या फडक्यासारखं लोंबत होतं. जीप बोलावली. रस्ताभर इरम्मा मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

सोलापूरच्या दवाखान्यात एमआरआय झाला आणि लगेच ऑपरेशनला घेतलं. बाहेरच्या बाकावर येडशीकडचा ज्ञानोबा नावाचा एक म्हातारा बसला होता. त्याची गादी आदल्या दिवशी काढली होती आणि तो स्वतः चालत चहा प्यायला आला होता. शुभांगी त्याच्याकडं बघतच राहिली.

"भ्या नको, पोरी," तो म्हणाला. "आता पाठ फाडत न्हायती. बोट जाईल एवढी चीर पाडतेत, त्यातनं नळी घालतेत, नळीत कॅमेरा. समोर टीव्हीवर बघत बघत काढतेत. मला तर झोपवलंबी न्हाय पुरतं. डॉक्टर म्हनायचा, काका, अंगठा हलवा. मी हलवायचो. तुजा मालक परवा टेम्पो चालवील बघ."

शुभांगी पहिल्यांदा नीट श्वास घेऊन बसली. इरम्मानंही हात जोडले, कुणाला ते तिलाच ठाऊक.

डॉक्टर बाहेर आले. तरुणच होते. त्यांनी टोपी काढली आणि दोघींच्या समोर बाकावर बसले. बसले, म्हणूनच शुभांगीला भीती वाटली.

"गादीचा तुकडा काढला. मोठा होता. शिरा मोकळ्या झाल्या आहेत, जखमही लहान आहे, भरून येईल. पण शिरा फार वेळ दाबलेल्या होत्या. बधिरपणा सुरू झाला त्याच दिवशी आला असता तर मी वेगळं बोललो असतो. ऑपरेशनं आता खूप सुधारलीत, आजी. शिरांना मात्र थांबता येत नाही."

इरम्मानं विचारलं, "म्या पाय लावला हुता त्याच्या कमरंवर. त्यानं झालं का हे?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "तसं म्हणता येणार नाही. गादी आधीच फाटली होती."

"मग?"

"मग उशीर झाला," ते म्हणाले.

पायानं झालं असं सांगितलं असतं तर तिनं पायाला दोष दिला असता. पण "दोन दिवस पडू दे" हे तिच्या तोंडानं म्हटलं होतं.

विरेश घरी आला. शुभांगी रोज त्याच्या पायाचे व्यायाम घ्यायची. मांडीत जोर आला, गुडघा धरला. पाऊल मात्र उचलेना. त्याला प्लॅस्टिकची पट्टी बांधावी लागे आणि तरी चालताना चप्पल जमिनीला घासे. लघवीसाठी दिवसातून बऱ्याचदा नळी घालावी लागे. ते तो आतल्या खोलीत कडी लावून करी. ब्रेकवर पाय आहे की नाही हे उजव्या पायाला कळत नव्हतं, म्हणून टेम्पो विकला. वर्षभरानं डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जे यायचं होतं ते आलंय, आता आहे त्यात नीट जगायला शिकायचं.

आईला तो एका शब्दानं बोलला नाही. एकदा ती न राहवून म्हणाली, "शिव्या तरी दे मला."

"कशाला? लघवी होईना हे मी तरी कुठं सांगितलं तुला," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

गावानं पायावरचा विश्वास सोडला नाही. पायाळूचा गुण घरच्याला येत नाही, परक्यालाच येतो, असं लोकांनी ठरवून टाकलं आणि सकाळी सकाळी पुन्हा येऊ लागले. इरम्मा एकालाही पाय लावीना. मांडी घालून, पाय लुगड्यात झाकून बसायची आणि नको म्हणायची. हरणाबाई नावाची एक म्हातारी उंबऱ्याबाहेर पालथी पडल्या पडल्याच फणकारली, "पोराचं झालं त्याचा राग गावावर कशाला काढायलीस? देवानं दिलंय ते काय तुज्या एकटीचं हाय?" इरम्मानं लुगडं पायांवर आणखी ओढून घेतलं. म्हातारी कण्हत उठली आणि निघून गेली.

मग एका सकाळी गुरुलिंग आला. हा विरेशचा नळदुर्गचा जोडीदार, दोघं एकाच दुकानाचा माल वाहायचे. मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसून, एका अंगाला वाकून आलेला.

"मावशी, आठ दिस जीव खाल्ला बघा कंबरंनं. पर काल राती आपोआप उतराय लागलंय. उरलंसुरलं तेवढं तुमी काढा." आणि तो पालथा पडायला वाकला.

"थांब," इरम्मा म्हणाली. "आपोआप उतरलं?"

"व्हय."

"लघवी होती का तुला?"

गुरुलिंगनं दाराशी उभ्या शुभांगीकडं बघितलं आणि ओशाळून हसला. "मावशी, कायबी इचारता तुमी."

"बसायच्या जागंला हात लावला तर कळतंय का?"

मित्र दुसरीकडं बघू लागला. गुरुलिंग भिंतीला धरून उठायला लागला. "तुमाला लावायचा नसंल तर ऱ्हाऊ द्या. मुरूम गावात हाय म्हनतेत एक पायाळू. तिकडं जातो."

आतल्या खोलीची कडी निघाली. विरेश चौकटीला धरून बाहेर आला, पाय घासत. त्याच्या हातात नळी होती, अजून वापरायची, पाकिटातली. कुणाला दिसू नये म्हणून तो ती पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. ती त्यानं गुरुलिंगच्या पुढं धरली.

"हे बघ. हे घालावं लागतंय मला, मुतायला. माझंबी आपोआपच उतरलं हुतं."

गुरुलिंग त्या नळीकडं बघत राहिला. मग गुरुलिंग भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "काल संध्याकाळपासून न्हाय झाली."

शुभांगीनं तिथंच फोन काढून जीप बोलावली. विरेशनं दवाखान्यात फोन केला आणि गुरुलिंगला काय काय होतंय ते एकेक नीट सांगितलं, अडखळला नाही. इरम्मा तेव्हा शेजारी उभी होती. स्वतःबद्दल त्यानं कधीच न सांगितलेलं सगळं तिनं तेव्हा ऐकलं.

गुरुलिंगचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं. तशीच बारीक चीर, तशीच कॅमेऱ्याची नळी. टाके निघाल्यावर तो बायकोला घेऊन आला, नारळ आणि पेढे घेऊन. जीपच्या थांब्यापासून चालत आला. वाकला आणि इरम्माच्या पायाला हात लावायला गेला, तशी तिनं दोन्ही पाय आखडून घेतले.

"पायाला नको," ती म्हणाली. "बस. च्या घे."

तो विरेशजवळ बाजेवर बसला. सिमेंटच्या भावाचं, रस्त्याच्या कामाचं काहीबाही बोलला. विरेश हूं हूं करत होता. जाताना गुरुलिंगनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला, आणि मग नवरा-बायको निघाली.

विरेश दाराला टेकून बघत राहिला. गुरुलिंग उतार उतरला, दगड चुकवत वळला.

"अव्वा," विरेश म्हणाला, "बोटं उचलून टाकायलाय बघ पाय. चप्पल घासंना."

इरम्मानं बघितलं नाही. तिनं रिकामे कप गोळा केले आणि मोरीत नेऊन ठेवले. दारात तो अजून उभाच होता.