सिग्नल पडला, म्हणजे नेमके काय?

ज्याच्या कृपेने म्हातारा हातसुद्धा सोल्डरिंगच्या वेळी थरथरत नाही, त्या विघ्नहर्त्याला आधी वंदन. आता विषय... विषय बागेतल्या छोट्या आगगाडीचा आहे. प्रवचन सांगणाऱ्या बाईला हे शोभत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी तर आवर्जून वाचावे.

परवा रविवारी पळसदरीला आमच्या बागेत माझी परीक्षा होती. आंब्यापासून तुळशीवृंदावनापर्यंत मी रूळ अंथरले आहेत. दोन्ही टोकांना स्टेशन, मध्ये एकेरी मार्ग, आणि रुळांतल्या विजेवर धावणाऱ्या दोन गाड्या.

पावसाळ्याआधी त्या समोरासमोर धडकल्या आणि एक इंजिन फुटले. रसायनीला नोकरी करणारा माझा मुलगा अविनाश तेव्हा म्हणाला, "आई, पुरे आता. वाकून वाकून एक दिवस तूच पडशील. इथे पेव्हर ब्लॉक टाकू, कार तरी लागेल."

मी म्हटले, "सिग्नल बसवते. त्यानंतर एकदा जरी टक्कर झाली, तर रूळ मीच उखडीन."

"शब्द फिरवायचा नाही हं."

आयुष्यभर शास्त्र शिकवले, शब्द कसा फिरवणार? कामाला लागले. शेजारचा बाळू रोज कुंपणावरून डोकावून सांगे, "आजी, या वयात हातात माळ पायजे, वायर नाय." मी त्याला सांगितले, "माळ पहाटेच झाली रं. दुपार माझी आहे."

सिग्नल मी जुन्या पद्धतीचे केले, हात असलेले. हात आडवा म्हणजे थांब, खाली झुकला म्हणजे जा. बटण दाबले की विजेची गुंडाळी हात खाली ओढते, वीज गेली की मागे बांधलेल्या नटाच्या वजनाने तो आपोआप आडवा होतो. म्हणजे तार तुटली तरी गाडी थांबेल, सुटणार नाही... एका सिग्नलची तार मी दुसऱ्यातून फिरवली होती. एकाचा हात खाली असेपर्यंत दुसऱ्याचा झुकूच शकत नाही, आणि हात झुकल्याशिवाय त्या गाडीखालच्या रुळांत वीज येत नाही. बोटांना चटके बसले. ते माझे मी सोसले.

रविवारी मी आंब्यापाशी, सून स्मिता तुळशीपाशी. दोघींच्या हाती एकेक बटण. अविनाश मधोमध खुर्ची टाकून न्यायाधीशासारखा बसला. आधी माझी गाडी, मग तिची, असे ठरले होते.

मी बटण दाबून धरले. हात झुकला, गाडी हलली. मी मोठ्याने सांगितले, "सिग्नल पडला."

आणि स्मिताने तत्काळ आपले बटण दाबले.

एकेरी मार्गावर माझी गाडी निघालेली, समोर तिची सुटायच्या बेतात. पण तिचा सिग्नल आडवाच राहिला. ती बटण दाबतेय, दाबतेय. "अहो आई, हे चालतच नाहीये."

"बघ, पहिल्याच फेरीत बिघडलं," अविनाश खुर्चीतून उठलासुद्धा.

माझी गाडी डौलात तुळशीपर्यंत गेली आणि बाजूच्या रुळावर शिरली. मी बटण सोडले, माझ्या सिग्नलचा हात आडवा झाला. त्याच क्षणी टक् असा आवाज आला, स्मिताचा सिग्नल झुकला आणि तिची गाडी सुटली.

"तू दाबलंस कशाला गं?"

"तुम्हीच म्हणालात ना, सिग्नल पडला. मला वाटलं तुमची गाडी थांबली, म्हणून माझी सोडायला गेले." स्मिताचे माहेर चौक गावचे, हायवेला लागून. "आमच्याकडे सिग्नल पडला म्हणजे लाल दिवा, ब्रेक मारायचा, आई."

माझे वडील रेल्वेत सांधेवाले, गाडीसाठी रूळ बदलणारे. आमच्या क्वार्टरमध्ये सिग्नल पडला म्हणजे हात पडला, आता गाडी सुटणार. एकाच घरात इतकी वर्षे राहून आम्हा दोघींना हा फरक ठाऊक नव्हता.

अविनाशने शेवटचा प्रयत्न केला. "पण चूक तर झालीच ना?"

"झाली. टक्कर झाली का?"

तो परत खुर्चीत बसला.

"माणसे चुकणार म्हणूनच सिग्नल असतो. न चुकणाऱ्यांना नुसते रूळ पुरले असते."

त्याने तिथेच पेव्हर ब्लॉकवाल्याला फोन लावला आणि "राहू दे," एवढेच म्हणाला. मग, "सरक जरा," म्हणत माझ्या हातातले बटण घेतले. बाळू कुंपणावरून ओरडला, "साहेब, तुमी पण वाया गेलात."

शब्द हे प्रमाण आहे असे मी आजवर शिकवत आले. यापुढेही शिकवीन. मात्र बोलणाऱ्याचा अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचला का, हे आधी विचारीन... आणि दुपारी वायरच जोडीन, कोणाला रुचो वा न रुचो.

हे वाचणाऱ्या सर्वांना जगन्नियंता दीर्घायुष्य देवो, डोळ्यांत दृष्टी आणि बोटांत बळ ठेवो, आणि लोक "आता हे वय आहे का" म्हणू लागतील तेव्हा हसत पुढे जाण्याची बुद्धी देवो. तथास्तु.