अंबडच्या पुढची एसटी

माझ्या मायच्या मते आमचे हे म्हणजे छळवादी नवरा. लेकीला माहेरी धाडत नाही, पंचमीला नाही, दिवाळीला नाही. मला घेऊन यायला तिनं माझ्या भावाला मुराळी म्हणून धाडलं. तो जालन्यात आला, चहा प्याला आणि हात हलवत परत गेला. सध्या पाठवत नाही, असं ह्यांनीच त्याला सांगितलं. कारण विचारलं तर गप्प. तेव्हापासून माय ह्यांच्याशी बोलेना.

खरं कारण मी होते. माहेर कुंभार पिंपळगाव, म्हणजे एसटीत बसणं आलं. अंबड जवळ आलं की माझं काळीज धाडधाड उडायचं, हातपाय बधिर, श्वास घशात अडकलेला. आता मी मरते, हे अगदी पक्कं. एकदा गाडी थांबवायला लावून मोसंबीच्या बागेपाशी उतरले आणि बांधावर बसून राहिले. पुढं पुढं एसटीत पाय ठेवणंच बंद झालं. छातीच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, सगळं बराबर निघालं. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. शेजारीण म्हणाली, गॅस असेल. गॅसच्या गोळ्या खाऊन खाऊन तोंडाची चव गेली, पण काळीज काही जाग्यावर येईना.

आणि माहेराची ओढ, ती तर मरणापेक्षा वाईट. संध्याकाळी भाकरी थापताना वाटायचं, माय आता दारातल्या लिंबाखाली बाज टाकून बसली असेल. रस्त्याकडं बघत असेल. हसा खुशाल, चाळिशीची बाई परातीत तोंड घालून रडते म्हणून.

मानसोपचारतज्ज्ञाकडं जायचं ह्यांनीच काढलं. मी भांडले. मी काय कपडे फाडायला लागले का, म्हणून विचारलं. ह्यांनी वाद घातला नाही, सरळ नंबर लावून आले. डॉक्टरांनी बरंच विचारलं, आजाराचं नाव सांगितलं, पॅनिक डिसऑर्डर, रोजची गोळी लिहून दिली आणि तिथल्याच समुपदेशक बाईंकडं पाठवलं. मला वाटलं, त्या शांत राहा म्हणतील. त्यांनी भलतंच सांगितलं. आधी स्टँडवर उभ्या एसटीत नुसतं बसायचं. मग जालन्यातल्याच चौफुलीपर्यंत जायचं. काळीज उडालं तरी उतरायचं नाही, ओसरेपर्यंत बसून राहायचं. ओसरतं म्हणे! तुमचं काय जातं सांगायला, मी मनात म्हणलं.

पण ओसरलं. जल्दी नाही, फार हळूहळू. हे आधी शेजारी बसायचे, मग मागच्या सीटवर, मग स्टँडवरच थांबायला लागले. एक कंडक्टर म्हणाला, मावशी, रोज चौफुलीला काय पुरून ठेवलंय? अंबडहून मी दोनदा परत फिरले आणि दोन्ही वेळा बाईंवर चिडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा धाडलं.

मग एके दिवशी अंबड मागं पडलं. घनसावंगीही गेलं. खिडकीचा गज धरून मी घामानं निथळत होते, रडत होते, पण बसले होते.

माय दारातच भेटली. मला कवटाळून तिनं विचारलं, धाडलं का तुला त्यानं एकदाचं?

मी तिला सगळं सांगितलं. गाडीतलं मरण, डॉक्टर, गोळ्या. लोकांनी बायकोला वेडी म्हणू नये म्हणून ह्यांनी वाईटपणा स्वतःवर घेतला, तेही सांगितलं. वाटलं, आता ही कपाळ बडवून घेईल. ती माझ्या हातावरून हात फिरवत राहिली.

"हातपाय बधिर पडतेत, आन् वाटतं आता मेले, तसंच का?"

तसंच, मी म्हणाले.

मायचं माहेर राजूर. ती तिकडं जायचीच नाही. मामांशी भांडण आहे, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. आजी गेली तेव्हाही ती अर्ध्या वाटेतून माघारी आली, आणि गाव म्हणालं, दगडाच्या काळजाची लेक.

"भांडण कशाचं बाई," माय म्हणाली. "मला गाडीत बसणंच होत नव्हतं. सांगू कोणाला?"

मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, तुझा डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला बघतो का? बघतो की, मी म्हणाले.

"राजूरला आता माझं कोणी न्हाई राह्यलं," ती म्हणाली. "पण एकदा जाऊन यावं वाटतं."