वणेकाठचा कापूस

रूपराव एका जागी स्वस्थ बसलेले हिंगणघाटात कुणी पाहिले असतील तर ते त्यांच्या लग्नात, आणि तेही घोड्याचा लगाम दुसऱ्याच्या हातात होता म्हणून. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनात ते कापसाची पारख करत. चिमूटभर कापूस ओढून त्याची जात सांगत, पण सांगताना पाय पुढच्या गंजीकडे वळलेले.

अशा माणसाकडे लेकीनं चित्र मागितलं! छपन्न सालच्या दिवाळीनंतर कोकिळा नवऱ्याबरोबर जबलपूरला निघणार होती. नातवंड होईस्तोवर बापानं लेकीचा उंबरठा ओलांडायचा नाही, हा त्यांच्या घरचा नेम. तेव्हा गावच्या वणा नदीचा घाट आणि पलीकडचं फुटलेल्या कापसाचं वावर, एवढं तरी सोबत द्या, म्हणाली.

बारा रंगीत पेन्सिली आल्या आणि रूपरावांची झोप गेली. काळी माती रंगवून वर पांढरी पेन्सिल घासावी, तर कापूस चुलीतल्या राखेसारखा दिसे. दोन कागद असे गेले. तिसऱ्यावर आभाळ गुळगुळीत व्हावं म्हणून त्यांनी सरकीच्या तेलात बोळा बुडवला. आभाळ झकास झालं, फक्त त्याच्या आरपार बोटं मोजता येऊ लागली. त्यांची बायको सुलोचनाबाई म्हणाल्या, यात आता पोरीला भजी बांधून देऊ.

गाडीच्या दिवशी एकच कागद उरला. रूपराव अंगणात येरझाऱ्या घालत होते. बायको पोतं शिवत होती, तिच्या हातातलं दाभण त्यांनी हिसकूनच घेतलं. त्याच्या बोथट बुडानं कोऱ्या कागदावर बोंडाबोंडाचे खळगे दाबले आणि वरून मातीचा रंग फिरवला, हलक्या हातानं, थरावर थर. पेन्सिल खळग्यांत उतरेना. वावर पांढरं फुटलं.

तोवर टांगा दारात. रूपराव टांग्यात रंगवत होते, फलाटावर रंगवत होते, शिटी झाली तेव्हा डब्यात जावयाच्या जागेवर बसून रंगवत होते. घाटाच्या पायऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या. कोकिळेनं हातातला कागदच ओढला.

"बाबा, उतरा आता."

"पायऱ्या राह्यल्या ना वं. कोरं कसं नेशीन?"

"राहू द्या कोऱ्या. भरायले तुमालेच या लागते."

"अन् नेम?"

"नेम मोडा, नाई तं पायऱ्या तशाच राह्यतीन."

गाडी हलली, रूपराव धडपडत उतरले. तेव्हापासून आठवड्यात तीनदा स्टेशनावर जाऊन जबलपूरच्या गाड्यांच्या वेळा विचारून आलेत. तिकीट अजून काढलं नाही, पण सुलोचनाबाईंना लाडू वळायला मात्र सांगितलंय.