कागदी पट्टीवर चालणारं यंत्र

नेपरव्हिलहून निघालो तेव्हा गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. गाडी माझी मुलगी मृणाल चालवत होती. ती इथं परदेशात एका बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहिते आणि मी तिच्याकडे राहायला आले होते. दीड तासावर, नदीकाठच्या एका जुन्या कारखान्यांच्या गावात, छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालणारं, धातू कापणारं मिलिंग मशीन जपून ठेवलंय, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. निवृत्त होईपर्यंत मी पिंपरीच्या कारखान्यात होते, म्हणून तिनं शनिवारचं सगळं कॅन्सल केलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका कापलेली शेतं होती. फोनवरच्या नकाशानं आम्हांला भलत्याच धान्याच्या कोठारांपाशी नेऊन सोडलं. मग तिथंच गाडीत बसून पोळीभाजीचे रोल खाल्ले आणि मागं वळलो.

संग्रहालय म्हणजे विटांची एक लांबलचक शेड होती. दार उघडताच जुन्या तेलाचा वास आला, थेट पिंपरीच्या कारखान्यासारखा.

लोइस नावाच्या आजींनी आम्हांला सगळं दाखवलं. वय ऐंशीच्या पुढं, हातात काठी. त्या सांगत होत्या, की हेलिकॉप्टरच्या पात्याचा बाक कापताना आधी एक माणूस आकडे मोठ्यानं वाचायचा आणि दोघं दोन हँडलं फिरवायचे. मग ते आकडे छिद्रांच्या रूपात पट्टीवर आले आणि हँडलं फिरवायचं काम यंत्राकडे गेलं. लग्नाआधी त्या याच गावात अशा पट्ट्या पंच करायच्या. मीही पिंपरीला तेच करायचे, असं मी म्हणाले. त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही.

मशीन मात्र बंद होतं. जुनी पट्टी फाटली म्हणून लोइसनी उन्हाळ्यात स्वतः नवी पंच केली होती. तेव्हापासून ते दर वेळी एकाच जागी थांबायचं. संग्रहालयातल्या इतरांनी पट्टी वाचणाऱ्या यंत्राला दोष दिला होता आणि सोमवारी सगळंच मागच्या गोदामात जाणार होतं. मी पट्टी बघायला मागितली.

खिडकीच्या उजेडात मी ती हळूहळू बोटांतून ओढू लागले. प्रत्येक आडव्या ओळीत छिद्रांची संख्या विषम असावी लागते, सम आली की यंत्र थांबतं. कित्येक वर्षांत मी पट्टी हातात धरली नव्हती, पण डोळे आपोआप मोजत होते. शेवटाजवळ एका ओळीत चार छिद्रं दिसली. पाचव्याचा कपटा सुटलाच नव्हता, तो तिथंच चिकटून बसला होता. मी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली.

"आई, थांब, त्यांना विचार तरी," मृणाल म्हणाली.

"करू दे तिला," लोइस म्हणाल्या.

मी पिनेनं कपटा टोचून काढला, लोइसनी पट्टी पुन्हा लावली आणि मशीन सुरू झालं. कटरच्या जागी पेन लावलं होतं. अडायची ती जागा ओलांडून त्यानं कागदावर पात्याचा लांब बाक पूर्ण काढला. लोइस सरकत्या टेबलावर हात ठेवून उभ्या होत्या.

"मला आता नीट दिसत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, चूक माझीच आहे. कुणाला सांगवेना."

"छिद्र तुम्ही बरोबरच पाडलं होतं," मी म्हणाले. "कपटा तेवढा अडकला होता."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग तिथल्या व्यवस्थापकाला बोलावून मशीन पुन्हा चालवून दाखवलं. मशीन इथंच राहील, असं त्यानं आमच्यासमोरच सांगितलं.

परतताना मृणालनं विचारलं, की मी पट्टी कशी बनवायचे. मी सांगत गेले. ड्रॉइंग घ्यायचं, प्रत्येक अंतर काढायचं, कुठलं हत्यार कधी आणि किती वेगानं लावायचं ते ठरवायचं, मग पंच करायचं.

"म्हणजे तू प्रोग्रॅमिंग करायचीस," ती म्हणाली.

आमच्या पदाचं नाव टायपिस्ट होतं, असं मी सांगितलं. पुढं संगणकाचा पडदा असलेली मशिनं आली, मला स्टोअरमध्ये पाठवलं आणि पट्ट्यांची रिळं रद्दीत गेली. त्या संध्याकाळी मी घरी येऊन नेहमीसारखा कुकर लावला होता.

गाडी गॅरेजमध्ये शिरली, इंजिन बंद झालं, तरी मृणाल उतरली नाही. तुझी पहिली पट्टी कसली होती, असं तिनं विचारलं. पंपाच्या झाकणाला सहा भोकं पाडायची. आम्ही तशाच बसून राहिलो आणि मी तिला एकेक भोक सांगत गेले. हे कुणाला तरी सांगायचं होतं, हे इतकी वर्षं मलाच कळलं नव्हतं.