जास्तच गुण देणारी भुकटी

चोऱ्या, मारामाऱ्या आणि कंपन्यांच्या भंगारावरून होणारी भांडणं यांतच माझी बरीचशी नोकरी गेली. तरी मनात पक्कं बसलंय ते कोंबड्यांच्या खाद्यातल्या भुकटीचं प्रकरण. तेव्हा मी चाकण भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी आटोपत असताना चिकन विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस फसवणुकीचा अर्ज घेऊन आला. औषधं न देता वाढवलेली कोंबडी विकतो, अशी कंपनीची ग्राहकांना हमी होती. जवळच्या गावातली एक बाई त्यांना पक्षी पुरवायची. तिच्या पक्ष्यांच्या मांसात अँटिबायोटिकचा अंश सापडला होता.

गुन्हा दाखल करण्याआधी मी बाईंना बोलावून घेतलं. पन्नाशीच्या असाव्यात. खुर्ची दिली तरी बसेनात.

"साहेब, पक्ष्यांना रक्ती हगवण लागू नये म्हणून आमी खाद्यात झाडपाल्याची भुकटी घालतो. दुसरं काय बी न्हाई." मग म्हणाल्या, "गावातल्या बायांनी माझ्या शब्दावर शेड टाकल्यात. मी खोटी ठरले तर त्यांचा माल कोण घेनार?"

अंगावर आलं की माणूस आधी स्वतःची कातडी वाचवतो. या बाई इतरांची काळजी करत होत्या, हे मी मनात नोंदवलं.

"भुकटीचा गुण येतो का, ताई?" मी विचारलं.

"व्हय तर! मागं हगवण सुरू झाली, तर दुसऱ्याच दिवशी थांबली."

पंचांसमक्ष त्यांच्या पोत्यातला नमुना सीलबंद केला. ही भुकटी बनवणाऱ्या तळेगावच्या उत्पादकाकडून एक पोतं थेट मागवलं आणि दोन्ही नमुने प्रयोगशाळेत पाठवले. उत्पादकाच्या मालात नुसता झाडपाला निघाला, बाईंच्या पोत्यात औषधही होतं. पशुवैद्यकीय डॉक्टर म्हणाले, "अशा भुकटीनं आतड्याला थोडा आधार मिळतो. चालू झालेली हगवण ती अशी एकाएकी थांबवत नाही."

म्हणजे भेसळ वाटेत होत होती, आणि वाटेत एकच विक्रेता होता.

त्याच्याबद्दल इकडे तिकडे विचारणा सुरू केली, तेव्हा ओळखीचा एक टेम्पोवाला कानाशी लागला. "साहेब, त्याची पोती मी तळवड्याच्या गाळ्यावर उतरवतो. माल तळेगावहून शिवून येतो, तरी आत शिलाई मशीन चालू असतं. कशाला हो?"

विक्रेत्याला चौकशीला आणलं, बाईंनाही बोलावून बाहेर बसवलं. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. "मी बंद पोती घेतो, बंद पोती विकतो," हे पालुपद काही सोडेना. माझा उपनिरीक्षक चिडला. मी त्याला बाहेर पाठवून चहा मागवला आणि भुकटीचं कौतुक सुरू केलं.

"राव, लोक सांगतात, तुमच्याकडच्या मालाला जो गुण आहे तो थेट उत्पादकाकडून घेतलेल्याला नाही."

त्याचा चेहरा खुलला. "नुसत्या पाल्यानं काय होतंय, साहेब? त्यात थोडं..." आणि तो थांबला. हातातला कप तसाच राहिला.

मी दोन्ही नमुन्यांचे अहवाल त्याच्यापुढे सरकवले. ते पाहून तो म्हणाला, "अहो, लोकांच्या कोंबड्या वाचवल्या मी. यात कुणाचं वाईट झालं?"

"बाहेर बसलेल्या बाईंना विचारू या?"

त्यानं मान खाली घालून औषध मिसळत असल्याचं कबूल केलं. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही, मुद्देमाल हाती लागतो तेव्हाच खरं. गाळ्याच्या झडतीत उसवलेली पोती, शिलाई मशीन आणि औषधाचा डबा मिळाला. पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला, आणि ज्यांच्याविरुद्ध अर्ज होता त्या बाई सरकारी साक्षीदार झाल्या.

एरवी आम्ही नुकसान कुठे झालं तिथून तपास सुरू करतो. इथे सगळं छान चाललं होतं तिथेच गोम होती. तेव्हापासून एखादी गोष्ट फारच सुरळीत दिसली तरी मी दोन प्रश्न जास्त विचारू लागलो. विचारण्यात अविश्वास नसतो. खऱ्या माणसाला त्याचा उपयोगच होतो, हेही त्या बाईंमुळे कळलं.

काही काळानं त्या पुन्हा ठाण्यात आल्या. मी विचारलं, "आता काय झालं, ताई?"

"काय न्हाई. आता पाला थेट तळेगावातून आणतो, शेडात पक्ष्यांखाली अंथरलेलं तूस कोरडं ठेवतो, म्हंजी हगवण लागत न्हाई. या वक्ताची तपासणी स्वच्छ आली. बायांचा माल बी इकला गेला. तेवढं सांगायला आले."

पोलीस ठाण्याची पायरी कुणी हौसेनं चढत नाही. सगळं बरं चाललंय, एवढंच सांगायला आलेलं माणूस माझ्या नोकरीत मी तेवढं एकच पाहिलं.