न मिटणारी सुरी

सोलापुरात विश्वास ठेवावा अशी एकही वस्तू मिळत नाही, हे माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत आहे. बाहेरगावच्या वस्तूंबद्दल ते बोलत नाहीत, कारण तिकडची माहिती आणणाऱ्या माणसांवरच त्यांचा विश्वास नाही. सूतगिरणीत फिटर म्हणून उभा जन्म काढलेला हा माणूस कडक भाकरीसुद्धा बोटाने वाजवून मग घेतो. एसटीत चढला की कंडक्टरला विचारतो, "गाडी मोहोळलाच जाती न्हवं?" कंडक्टर हो म्हणाला की पुढे जाऊन ड्रायव्हरलाही विचारून येतो, दोघांचं उत्तर जुळलं तर म्हणतो, "आधीच ठरवलंय दोघांनी."

मागच्या वर्षी करकंबच्या शेततुकड्यावर बांधाची काटेरी झुडपं तोडायला मामांना सुरी हवी झाली. घडीची सुरी त्यांनी दुकानातच परत केली. "ज्याला बिजागरी हाय ते कवातरी मिटणार, आन मिटणार ते आपल्याच बोटावर." म्हणजे सुरी न मिटणारी, टोकापासून मुठीपर्यंत एकाच पोलादाची हवी. पण पोलाद कुठलं? चकचकीत स्टेनलेसबद्दल ते म्हणाले, "गंज चढत न्हाय म्हंजे कायतरी लपवतंय," आणि व्हाइसमध्ये आवळून ती सुरी वाकवली. ती वाकडी झाली ती झालीच. मग जुनी कानस घासून त्यांनी स्वतः सुरी केली. तिने काचेवर ओरखडा उठला म्हणून दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी हातोडीचा एक ठोका घातला आणि हातात दोन तुकडे राहिले. "कडक येगळं आन चिवट येगळं, जावई. कडक मोडतं. चिवट वाकतं आन परत येतं."

शेवटी भंगारातले ट्रकचे कमानपाटे एकेक वाजवून त्यांनी एक निवडला आणि अक्कलकोट रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या एका घिसाडी बाईकडे नेला. नवरा भाता चालवायचा, ती घण मारायची. मला बरोबर नेलं होतं, साक्षीदार म्हणून. पाटा बदलला जाऊ नये म्हणून मामांनी त्याच्यावर लोखंडी पंच ठोकून तीन ठिपके मारले होते. "ह्ये कशाला वं?" बाईने विचारलं. "शोभेला," मामा म्हणाले. तिने ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि पाटा विस्तवात सारला. दुपारपर्यंत पात्याला आकार आला, पण त्याला पाणी द्यायला, म्हणजे तापवून विझवायला, लागणारं जळकं तेल संपलं होतं. "घाई केली तर काचंवानी फुटंल. तेलात इझवून मंद इस्तवावर शेकावं लागतंय. ठिवून जावा, उद्या या."

ठेवून जा! मामांनी मुठीकडचे तीन ठिपके परत मोजले. मग कधी नव्हे ते ठेवून आले. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी गेलो तर तिथे चुलीचे तीन दगड आणि राख. "बघितलं?" मामा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा समाधानच जास्त होतं. पुढचे पंधरा दिवस न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी त्या चोर बाईचं वर्णन करून सांगितलं; प्रत्येक वेळी सुरी थोडी लांब होत गेली.

मग एकदा मोहोळला जाताना हमरस्त्याकडेला मला तेच पाल दिसलं. दुसऱ्या दिवशी मामांना स्कूटरवर घेऊन गेलो. त्यांनी वाटेत भांडणाची तयारी केली होती, पण तोंड उघडायची वेळच आली नाही. लांबून आम्हाला बघताच बाई घण टाकून उठली, पालात गेली आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली सुरी आणून मामांच्या हातात ठेवली.

"पोलिसांनी रातीतच उठिवलं आमाला तितनं. तुमचं घर कुटं, ठावं न्हाय. म्हनलं, येतील हुडकत."

मामांनी सुरीचं टोक पालाशेजारच्या कडुलिंबाच्या बेचक्यात अडकवून सगळं अंग टाकलं. पातं वाकलं आणि सोडताच सरळ झालं. ते त्यांनी दोनदा करून बघितलं. त्यानंतर बाईने विचारलं, "पानी घेता का, मामा?" मामांनी तांब्या घेतला आणि एका दमात रिकामा केला.

परतताना ते सुरी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले होते. सावळेश्वरच्या पुढे आल्यावर म्हणाले, "पंधरा दिवस मी तिला चोर म्हनत हुतो. तिला कळलं आसंल का रं?"

"तिला कोण सांगायला जाणार, मामा?"

मामांनी सुरीभोवतीचं फडकं घट्ट गुंडाळलं.

"आपन गेल्या गेल्या तिनं आधी सुरी दिली," मामा म्हणाले, "आल्यागेल्याला आधी पानी इचारत्यात, तिनं नंतर इचारलं. कळलं आसंल की."